मुंबईत शनिवार ते सोमवार: बाबांना जुनी मुंबई दाखवायची आहे, काय काय बघावं?

तर्रीपोहे

नमस्कार मंडळी,

जानेवारीत आईबाबांना घेऊन मुंबईला येतेय. सोबत मुलगा, सहावीत आहे. विदर्भ एक्सप्रेसने शनिवारी सकाळी सीएसएमटीला उतरणार आणि सोमवारी रात्रीच्या दुरांतोने परत नागपूर. राहायची सोय फोर्टातच झालीय.

बाबा इतिहासाचे मास्तर. रिटायर झाले, पण शिकवणं काही सुटलं नाही. त्यांनी आधीच बजावलंय की मॉल नको, नटांचे बंगले नकोत, जुनं काय आहे ते दाखव. आईचे गुडघे कुरकुरतात, चार पायऱ्या दिसल्या की ती म्हणते तुम्ही या जाऊन. मुलाला फक्त लोकल आणि वडापाव पाहिजे.

माझी मावसबहीण मागे एका मुंबई दर्शनच्या बसमध्ये बसली होती. दिवसभर उजवीकडे बघा, डावीकडे बघा, आणि उतरायला मिळालं ते गाडीवाल्याच्या ओळखीच्या दुकानात. तसं नको आहे. कमी बघू, पण उतरून बघू.

प्रश्न असे: घारापुरी की कान्हेरी? आईला कुठे झेपेल? आणि गेटवे, स्टेशन हे सगळ्यांना माहीत असलेलं सोडून अजून काय? सांगा ना जी.

स्लो_लोकल

स्वागत. फोर्टात उतरताय म्हणजे निम्मं काम झालं. बाकीची मंडळी यादी देतीलच, मी एवढंच सांगतो: घारापुरी आणि कान्हेरी दोन्ही सोमवारी बंद असतात. लोक सोमवारी गेटवेला जाऊन लाँचवाल्याशी हुज्जत घालतात, तसं करू नका.

सदाशिवपेठी

आईबाबांना इतिहास दाखवायचाय आणि मुंबईला नेताय? दुरांतोऐवजी पुण्याची गाडी धरा. मुंबईत जे आहे ते साहेबाने स्वतःच्या सोयीसाठी बांधलेलं. दीडशे वर्षांपूर्वीच्या इमारतीला इतिहास म्हणायचं असेल तर आमच्या पेठेत रोज इतिहासाच्या गॅलरीत कपडे वाळत असतात.

(हलके घ्या.)

एक_वाचक

आले! दुसऱ्याच प्रतिसादाला आले!

खारा_वारा

सदाशिवपेठी, हलकंच घेतो, पण उत्तर देतो.

शनिवारवाड्याची पायाभरणी १७३० ची. कान्हेरीची लेणी त्याच्या कितीतरी शतकं आधीची. बोरिवलीच्या जंगलात काळ्या कातळात शंभराहून जास्त लेणी आहेत, आणि नुसती देवळं नाहीत, भिक्षूंची वसाहतच होती ती. प्रत्येक खोलीत झोपायला दगडी कट्टा, बाहेर पाण्याचं टाकं, आणि पावसाचं पाणी त्या टाक्यात आणणारे कातळात कोरलेले पाट. पावसाळ्यात गेलात तर ते पाट आजही वाहताना दिसतात. तीन नंबरच्या चैत्यगृहाच्या ओसरीत दोन्ही टोकांना भल्या मोठ्या बुद्धमूर्ती आहेत. नव्वद नंबरच्या लेण्यात चक्क पहलवी लिपीतले लेख आहेत, अकराव्या शतकात येऊन गेलेल्या पारशांनी कोरलेले. म्हणजे मुंबईत पर्यटक यायला लागून हजार वर्षं झाली, आणि भिंतीवर नाव कोरायची खोडही तेवढीच जुनी.

बाणगंगा शिलाहारांच्या काळातली मानतात. तिथलं वाळकेश्वराचं देऊळ पोर्तुगीजांच्या काळात गेलं, ते रामा कामत यांनी १७१५ मध्ये पुन्हा बांधलं. साहेब तेव्हा फोर्टच्या भिंतींच्या आत बसून होता.

तर्रीपोहे, आता तुमचा प्रश्न. आईचे गुडघे दुखत असतील तर कान्हेरी नको. उद्यानाच्या फाटकापासून लेण्यांपर्यंत बस मिळते, पण वर सगळं चढउतार, आणि पायऱ्या कातळातल्याच, झिजलेल्या. घारापुरी करा.

सदाशिवपेठी

बरं, लेणी मान्य. लेणी आमच्याकडेही आहेत. पण मला एक सांगा, 'फोर्ट' म्हणता, तो फोर्ट कुठाय? आख्खा किल्ला पाडला आणि नाव तेवढं ठेवलं. आमच्याकडे निदान वाडा जळाला तरी भिंती उभ्या आहेत.

डबलडेकर

फोर्टचा तुकडा शिल्लक आहे. सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात जुन्या फोर्ट जॉर्जच्या भिंतीचा भाग उभा आहे, सीएसएमटीपासून पाच मिनिटं. तटबंदी १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियरने पाडायला लावली, कारण आत माणूस मावेना. ती पाडली म्हणूनच ओव्हलच्या काठची ती सगळी रांग, हायकोर्ट, विद्यापीठ, सचिवालय, उभी राहिली. तुमच्याकडे वाड्याची नुसती जोती राहिली, आमच्याकडे किल्ल्याच्या जागी शहर झालं. असो.

तर्रीपोहे, फोर्ट पायी बघायचा असेल तर माझा ठरलेला रस्ता सांगतो.

सुरुवात स्टेशनपासूनच, पण आत घुसायची घाई नको. समोर महापालिकेच्या कोपऱ्यावर उभं राहायचं. दोन्ही इमारती एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सच्या. स्टेशनचं काम १८७८ ला सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं, महापालिका १८९३ ची. स्टेशनच्या मधल्या घुमटावर हातात मशाल घेतलेली बाई आहे, ती प्रगती. फाटकाच्या खांबांवर एका बाजूला सिंह, एका बाजूला वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. आता मुलाला कामाला लावा: दर्शनी भिंतीवर गोल चौकटींमध्ये माणसांची डोकी कोरलीत, ती जीआयपी, म्हणजे हे स्टेशन बांधणाऱ्या रेल्वे कंपनीच्या संचालकांची. सगळे साहेब, पण त्यात आपले दोघे आहेत, जमशेटजी जीजीभॉय आणि नाना शंकरशेट. ते दोघे शोधून काढायचे. माझ्या भाच्याला हे सांगितलं तर तो अर्धा तास मान वर करून उभा होता, टॅक्सीवाले विचारायला लागले काय झालं म्हणून. त्याच निमित्ताने भिंतीवरचे मोर, माकडं, पानंफुलं सगळं बघून होतं.

तिथून डी. एन. रोडने सरळ हुतात्मा चौक. लोक कारंज्याचा फोटो काढतात आणि पुढे जातात. कारंजं १८६४ चं, फ्लोरा देवीचं. त्याच्या शेजारी मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार, ते संयुक्त महाराष्ट्राच्या १०६ हुतात्म्यांचं स्मारक. बाबा मास्तर आहेत म्हणजे तिथे थांबून नातवाला सगळं सांगतीलच, तेवढा वेळ धरून चाला.

मग ओव्हल. मैदानाच्या मधोमध उभं राहा. पूर्वेला राजाबाई टॉवर: प्रेमचंद रायचंद यांनी पैसे दिले, आईचं नाव दिलं, १८७८ मध्ये पुरा झाला. आराखडा गिल्बर्ट स्कॉटचा, आणि तो मुंबईला कधी आलाच नाही. पश्चिमेकडे वळा, तिकडे १९३० नंतरच्या गोल सज्जांच्या, जहाजासारख्या इमारती. युनेस्कोने २०१८ ला या दोन्ही बाजूंना मिळून जागतिक वारसा जाहीर केलं, मधल्या मैदानात आपली पोरं क्रिकेट खेळतात.

काळाघोड्याला वॉटसन हॉटेलची इमारत बघा. आता पार खिळखिळी झालीय, पण ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं हिंदुस्थानात पहिल्यांदा इथे दाखवली.

शेवट टाउन हॉलला, म्हणजे एशियाटिकला. १८३३ ची इमारत, समोर तीस पायऱ्या. आईंना सांगा, चढू नका, खालच्या पायरीवर बसा, निम्मी मुंबई तिथे बसायलाच येते. वर गेलात तर नाना शंकरशेट पुन्हा भेटतील, या वेळी अख्खा संगमरवरी पुतळा.

एक_वाचक

वाखूसा (वाचनखूण साठवली). तीस वर्षं त्या स्टेशनवरून गाडी पकडतोय, नाना भिंतीवर आहेत हे आज कळलं.

पाटीवरचे_खडू

डबलडेकर, हॉर्निमन सर्कलजवळचं सेंट थॉमस राहिलं. १७१८ चं चर्च. साहेबाच्या काळात मुंबईतली मैलांची मोजणी तिथून व्हायची. त्या मोजणीचे दगड अजून शहरात सापडतात, त्यांवर रोमन आकडे कोरलेत. बरेचसे फुटपाथच्या थरांखाली गाडले गेले होते, काही वर्षांपूर्वी खणून वर काढलेत. तर्रीपोहे नागपूरच्या, म्हणजे झिरो माइल त्यांच्या घरचाच. बाबांना सांगा, आमचा पण एक आहे.

तर्रीपोहे

वा! झिरो माइलचं वाचून बाबा एकदम उठून बसले. धागा त्यांना मोबाइलवर मोठ्याने वाचून दाखवतेय. त्यांचा निरोप: "त्या पुण्याच्या गृहस्थांना सांग, भोसल्यांच्या नागपूरकडूनही नमस्कार."

सदाशिवपेठी

बाबांना साष्टांग. आता मी गप्प. (थोडा वेळ.)

परळचा_बबन

वरचे सगळे प्रतिसाद वाचले. छान माहिती आहे. पण साहेबाने हे बांधलं, साहेबाने ते पाडलं, स्टीव्हन्स, स्कॉट, फ्रियर. पैसा कुठून आला हो एवढा? कापसातून आणि गिरण्यांतून. आणि गिरण्या चालवल्या कोणी? रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरहून वळकटी घेऊन आलेल्या माणसांनी. त्यांची मुंबई बघायची असेल तर फोर्टात नाही, इकडे यावं लागतं.

माझे वडील साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. आमची खोली दहा बाय बाराची, माणसं पाळ्यांनी झोपायची. पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला की तिसऱ्या पाळीचा त्याच वळकटीवर. घरात घड्याळ नव्हतं, भोंगा होता. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप कागदोपत्री कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या गेल्या, जमिनी राहिल्या. आज तिथे टॉवर आणि मॉल आहेत. बाबांना मॉल नकोय ना? त्यांना लोअर परळच्या मॉलच्या दाराशी नेऊन वरती चिमणी दाखवा. आत जायची गरज नाही.

आणि एक. परळच्या बीआयटी (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या) चाळीत बाबासाहेब आंबेडकर कित्येक वर्षं राहिले, बॅरिस्टर होऊन आल्यावरही तिथेच होते. शाहू महाराज त्यांना भेटायला त्या चाळीत आले होते. दादरचं राजगृह आणि चैत्यभूमी लोकांना माहीत असते, ही चाळ फार कोणी दाखवत नाही. तिथे लोक राहतात, तेव्हा दारात उभं राहून फोटोंचा धडाका लावू नका, एवढी विनंती.

डबलडेकर

बबन, अगदी मान्य. मी रस्ता सांगितला तो सीएसएमटीपासून पायी जाण्यासारखा. इतिहास तिथेच संपतो असं कुठे म्हटलं?

परळचा_बबन

तुम्ही नाही म्हणालात, पण टुरिस्टचा नकाशा काढून बघा. भायखळ्याच्या वर सरकला की कोरा.

खारा_वारा

बबनशी सहमत आणि वर भर. परळ गावात बारादेवीला एक शिल्प आहे, १९३१ च्या सुमाराला रस्त्याच्या कामात सापडलेलं. एकाच उभ्या दगडात एकातून एक उगवावेत तसे शिव, एकूण सात आकृत्या, माणसाच्या दुप्पट उंचीचं, पाचव्या-सहाव्या शतकातलं. म्हणजे घारापुरीच्याच काळातलं. गिरणगावाच्या मधोमध! मूळ शिल्प देवळात पूजेत आहे, सहज बघायला मिळेलच असं नाही, पण त्याची प्रतिकृती छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ठेवलीय. बाबांना तिथे ती आवर्जून दाखवा.

वसईची_केळी

सगळे मुंबई मुंबई करताय. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, मुंबईचा एकही किल्ला त्याच्या तोडीचा नाही, उलट सगळे मिळून त्याच्या एका बुरुजात मावतील. सदाशिवपेठी, तुमच्याच पेशव्यांचा पराक्रम आमच्या दारात आहे, कधी येताय?

सदाशिवपेठी

वसई लोकलने? विरार गाडीत चढण्यापेक्षा किल्ला घेणं सोपं होतं.

एक_वाचक

लोल.

चिंचेची_सावली

पुरुष मंडळींनी इतिहास भरपूर सांगितला, आता मी तर्रीपोह्यांच्या आईच्या बाजूने लिहिते.

घारापुरी: गेटवेहून लाँचने साधारण तास. लाँचमध्ये चढताना दोन लाँच ओलांडून तिसरीत जावं लागतं कधीकधी, तेव्हा आईंचा हात धरायला माणूस हवा. लाइफ जॅकेट देतील, नाही दिलं तर मागून घ्या. बेटाच्या धक्क्यावर उतरलं की लांबलचक जेट्टी आहे, तिथे छोटी गाडी मिळते, मुलाची चंगळ. मग सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं आणि माकडं. पायऱ्यांना डोलीवाले असतात, खुर्ची खांद्यावर घेऊन नेतात. भाव आधी ठरवा, जाऊन येऊन किती ते नीट विचारा. आमच्या सासूबाईंना वर नेलं तेवढ्याचेच पैसे सांगितले होते, खाली येताना पुन्हा तेवढेच. लाजल्या होत्या आधी, पण वर पोहोचल्यावर म्हणाल्या, पालखीतून आले देवाला. खाण्याची पिशवी हातात उघडी ठेवलीत तर ती माकडाची.

वर लेण्यात गेलात की लगेच त्रिमूर्तीसमोर जाऊ नका. बाजूच्या खांबांजवळ जरा थांबा, डोळे अंधाराला सरावू देत. मग तो मधला शांत चेहरा आधी दिसतो, मग एका बाजूचा अघोर, मिशावाला, आणि दुसऱ्या बाजूचा कमळ घेतलेला, बाईसारखा नाजूक. जवळपास वीस फूट उंच. आम्ही गेलो तेव्हा एक शाळेची सहल आरडाओरडा करत आत आली आणि समोर येताच पोरं आपोआप गप्प झाली. बाईंना शिट्टी वाजवावी लागली नाही.

आता महत्त्वाचं, ज्यावर कोणी लिहीत नाही: स्वच्छतागृह. फोर्टात रस्त्यावरच्यांच्या भरवशावर राहू नका. वस्तुसंग्रहालयात सोय बरी आहे, तिथे जाऊनच पुढे निघा. इराण्याकडे किंवा उडप्याकडे चहा घेतला की तिथेही जाता येतं, चहा म्हणजे तिकीटच समजा.

तर्रीपोहे

चिंचेची_सावली, तुम्हाला किती धन्यवाद देऊ! डोलीचं ऐकून आई लाजली आणि लगेच म्हणाली, कोणती साडी नेसू.

पाटीवरचे_खडू

घारापुरीला जाणार असाल तर राणीच्या बागेचा हत्ती बघितल्याशिवाय ती सहल पुरी होत नाही. पेंग्विनशेजारचा नव्हे, दगडाचा. पोर्तुगीजांनी बेटाला ज्या हत्तीवरून एलिफंटा नाव दिलं तो हत्ती. १८६४ मध्ये साहेबाला तो इंग्लंडला न्यायचा होता. उचलताना तुटला, नेता आला नाही. तुकडे बागेत आणून टाकले, ते १९१४ मध्ये जोडले. आता भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या अंगणात उभा आहे. जोडलेल्या भेगा स्पष्ट दिसतात. पेंग्विन बघायला आलेली गर्दी त्याला वळसा घालून जाते.

काळाघोड्याचा मूळ काळा घोडाही तिथेच बागेत आहे, सातव्या एडवर्डसकट, १९६५ पासून. काळाघोड्याच्या चौकात आता जो आहे तो २०१७ चा, बिनस्वाराचा. म्हणजे शनिवारी नवा घोडा, सोमवारी जुना घोडा.

संग्रहालय १८७२ चं, आतून बघण्यासारखं आहे, जुन्या मुंबईच्या माणसांच्या मातीच्या छोट्या मूर्ती आहेत, पगड्यांचे किती प्रकार होते ते कळतं. बाग आणि संग्रहालय बुधवारी बंद, सोमवारी चालू. डागडुजी अधूनमधून चालते, तेव्हा जायच्या आधी एकदा चौकशी करा.

गिरगावातली_मुग्धा

कोणी गिरगाव म्हणेना म्हणून आले. केशवजी नाईकांची चाळ, मुंबईचा पहिला सार्वजनिक गणपती, १८९३. गणपती नसला तरी चाळ बघा, लाकडी जिने, लांब गॅलऱ्या. तिथून चालत खोताच्या वाडीत जा. अरुंद गल्ल्या, ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांची कौलारू घरं, दारात क्रूस, आणि आत बोलणं मराठीत. उरलेली घरं बघून घ्या, दर वर्षी एखादं कमी होतं. तिथून टॅक्सीने मणिभवन, गांधीजी १९१७ ते १९३४ मध्ये मुंबईत आले की इथे उतरायचे, आणि मग बाणगंगा. बाणगंगेच्या पायऱ्यांवर आईंना बसता येईल, उतरायची सक्ती नाही.

आणि विनयची मिसळ.

परळचा_बबन

मिसळ खायला दादरला आस्वाद. विषय संपला.

गिरगावातली_मुग्धा

विषय आत्ता सुरू झालाय.

स्लो_लोकल

मुलाचा वडापाव राहिला. स्टेशनसमोरचा आराम. गाडीतून उतरलं, रस्ता ओलांडला, खाल्ला.

माहीमची_खाडी

आराम ठीक आहे, पण वडापाव खावा तर कीर्ती कॉलेजसमोर, अशोककडे. वरून चुरा टाकून.

स्लो_लोकल

चुरा टाकावा लागतो म्हणजे वड्यात काही कमी आहे.

माहीमची_खाडी

हे विधान मागे घ्या.

*(पुढचे वडापावविषयक काही प्रतिसाद खाऊगल्लीच्या धाग्यावर हलवले आहेत. कृपया इथे मूळ प्रश्नावर लिहा. – व्यवस्थापक)*

बन_मस्का

हलवायच्या आत लिहितो: धोबीतलावला कयानी, १९०४ पासून. मरीन लाइन्सला उतरलात तर दोन पावलं. बन मस्का, मावा केक आणि चहा. बॅलार्ड इस्टेटला ब्रिटानिया, १९२३ चं, बेरी पुलाव. पारशी-इराणी लोकांनीही मुंबई घडवली, हे मूळ प्रश्नावरच आहे, व्यवस्थापक.

तर्रीपोहे

मंडळी, तुम्ही एवढं दिलंय की बाबांनी वहीच केली. कालपासून नकाशा पसरून बसलेत. त्यांनी आखलेला बेत असा:

शनिवार: उतरून आंघोळ, नाश्ता, मग सीएसएमटी ते एशियाटिक.
रविवार: घारापुरी.
सोमवार: सकाळी राणीची बाग, भाऊ दाजी लाड, मग लालबाग-परळ, संध्याकाळी गिरगाव आणि बाणगंगा, रात्री गाडी.

वस्तुसंग्रहालय कुठे बसवू? आणि काही चुकतंय का?

डबलडेकर

शनिवार आणि रविवार अदलाबदल करा. रविवारी घारापुरीच्या लाँचला जत्रा असते. आणि फोर्ट रविवारी बघण्यातच मजा, हापिसं बंद, रस्ते मोकळे, माणूस फुटपाथवर उभा राहून वर बघू शकतो. शनिवारी गाडी वेळेवर आली तर दहापर्यंत लाँच मिळेल.

चिंचेची_सावली

रात्रभराच्या गाडीनंतर लगेच लाँच? आईंचं काय?

डबलडेकर

लाँचमध्ये बसायचंच असतं हो. उलट आदल्या दिवशी फोर्टात चालून पाय सुजले तर दुसऱ्या दिवशी पायऱ्या जास्त जड जातील.

परळचा_बबन

रविवारचं निघालंच आहे तर: गिरण्या रविवारी बंद ठेवायला नारायण मेघाजी लोखंडे यांनी लावलं, १० जून १८९० पासून. गिरणी कामगारांचे पुढारी. फोर्टात मोकळ्या रस्त्यावर फिराल तेव्हा परळवाल्यांची आठवण काढा.

माहीमची_खाडी

कोणता रविवार ते बघा! जानेवारीचा तिसरा रविवार असेल तर मॅरेथॉन. सीएसएमटीपासूनच सुटते. सकाळी तिकडचे रस्ते बंद, टॅक्सी मिळत नाही.

तर्रीपोहे

दुसरा रविवार आहे, वाचलो. शनिवारी घारापुरी पक्कं, आईचीच इच्छा, डोलीचं मनावर घेतलंय. फोर्ट रविवारी, दुपारी उन्हाच्या वेळेत वस्तुसंग्रहालय. आता सोमवारचं सांगा, एवढं सगळं होईल का?

गिरगावातली_मुग्धा

नाही होणार. सामान घेऊन स्टेशनवर साडेसातला तरी हवं ना? बाणगंगेहून संध्याकाळी निघालात तर पेडर रोडचा नाहीतर चौपाटीचा ट्रॅफिक लागणार. एक तर लालबाग-परळ नाहीतर गिरगाव. मी गिरगावची, तरी सांगते, राणीच्या बागेनंतर लालबाग जवळ आहे, बबनकडे जा. गिरगाव रविवारी सकाळी उरकता येईल, आता भुयारी मेट्रो आहे, सीएसएमटीहून गिरगाव दोन स्टेशनं. सरकते जिने आहेत, लिफ्ट आहे.

परळचा_बबन

मुग्धाताई, मिसळीचं तुम्हाला माफ.

तर्रीपोहे, भायखळा स्टेशनला उतरा, राणीची बाग समोरच्या अंगाला. तिथून टॅक्सीने लालबाग. आईंना मसाला गल्लीत न्या. पोत्यांत ब्याडगी, संकेश्वरी, काश्मिरी मिरच्या, निवडून घ्यायच्या, तिथेच भाजून देतात आणि डंकावर कुटून देतात. डंक म्हणजे लोखंडी मुसळांची रांग, पट्ट्यावर एकामागून एक धाडधाड आपटते. कुटणारी बाई डोक्यापासून तोंडापर्यंत फडकं गुंडाळून बसलेली असते, नुसते डोळे दिसतात. गिरणी बंद झाल्यावर कित्येक घरं या मसाल्यावर, चिवड्यावर आणि खानावळींवर जगली. बाबांच्या वहीत हेही लिहायला सांगा. दुकान कुठल्या दिवशी बंद ते आधी फोन करून विचारा.

स्लो_लोकल

सोमवारी सकाळी भायखळ्याला उलट्या दिशेने जाताय, गर्दी समोरून येईल, तुमच्या गाडीत बसायला जागा. पण स्लो गाडीच धरा, सगळ्या फास्ट तिथे थांबत नाहीत. आणि मुलाला दारात उभं राहू देऊ नका, कितीही हट्ट केला तरी. परतताना अकरानंतर या. रविवारी मेगाब्लॉक असतो, मेन लाइनचा बहुतेक वेळा माटुंग्याच्या पुढे, तुमच्या वाटेत नाही. तरी आदल्या दिवशी बघून घ्या.

तर्रीपोहे

ठरलं. बबनदादा, एकच शंका. आईला ताजा मालवणी मसाला चांगला तीन-चार किलो घ्यायचाय, दुरांतोच्या एसी डब्यात चालेल का?

परळचा_बबन

दुहेरी पिशवीत, वर सुती फडक्यात बांधून, सीटखाली. गरम असताना तोंड बांधू नका, घाम धरतो. पण ताजा कुटलेला मसाला बंद डब्यात म्हणजे कल्याण यायच्या आत अख्खा डबा शिंकत असेल. अर्धा किलो न्या, बाकीचा कुरियर करा.

सदाशिवपेठी

थोडा वेळ संपला. मला पण अर्धा किलो सांगा.